आधी दुरुस्ती, मग सुधारणा

नृसिंहवाडीहून मिरजेला जाताना बसणारे धक्के रस्त्याचे की आमच्या गाडीचे, हा वाद आमच्या घरात वर्षभर चालला. आईच्या कमरेचे दुखणे जुने. उपचारासाठी तिला महिन्यातून दोनदा मिरजेला न्यावे लागते. मागच्या सीटवर ती आणि आणखी दोघे बसले की आमच्या जुन्या मारुती ८०० ची शेपूट खाली बसे आणि गतिरोधक आला की खालून धाडकन आवाज येई. त्यापाठोपाठ मागून ‘अगं आई गं!’ शेवटी मी ठरवले, गाडीचे सस्पेन्शन आपणच सुधारायचे, तेही घरच्या अंगणात.

हे खूळ माझ्या एकट्याचे नाही. ज्या जिल्ह्यात शिवाजी उद्यमनगरसारखी वसाहत उभी राहिली, तिथल्या माणसाला लोखंडाशी झटण्याची हौस असायचीच. आता मोबाइलवर चित्रफिती पाहून कुणीही पाना हातात धरतो. यात वाईट काही नाही. उलट हात काळे केल्याशिवाय यंत्र कळत नाही, या मताचा मी आहे. माझे भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. काय बिघडले आहे हे पाहण्याआधीच आपण सुधारायला निघतो.

मी नेमके तेच केले. गाडी खाली बसते म्हणजे स्प्रिंग कमजोर, असा निकाल देऊन मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांत बसवायचे जाड रबर आणले. हाताशी आहोतच तर मागचे बुशही बदलावेत म्हटले. तिथे पहिली ठेच लागली. २०१९ च्या महापुरात ही गाडी पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर आम्ही आतला गाळ काढला, सीट उन्हात वाळवल्या, पण गाडीच्या खाली वाकून पाहिले नव्हते. बोल्ट गंजून घट्ट झाले होते. तेल सोडले, रात्रभर ठेवले, पान्याला पाइप लावून जोर केला आणि बोल्ट कटकन तुटला. बुश राहिले तसेच. दोन दिवस गाडी जॅकवर आणि विटांवर उभी. मी तिच्याखाली सरपटत जात होतो, हे आठवले की आज अंगावर काटा येतो. वीट भाराखाली चुरा होते आणि जॅक घसरतो. भक्कम घोडी लावल्याशिवाय कुणीही गाडीखाली जाऊ नये.

अखेर नवा बोल्ट मिळाला, रबर बसले, गाडी दोन बोटे वर उठली. मी खूश झालो. मिरजेच्या पहिल्याच फेरीत आई म्हणाली, “मऊ करतो म्हणाला होतास ना रे?” परतताना अंधार पडला होता. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे ना दिवा ना लाल पट्टी. मी जोरात ब्रेक दाबला आणि त्या खडबडीत रस्त्यावर गाडीचा मागचा भाग टणाटण उड्या मारत एका बाजूला सरकला. ट्रॉलीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. आई काही बोलली नाही, हे मला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पाना हातात घेतलाच नाही. मागचा कोपरा दाबून सोडला. गाडी तीन-चार वेळा वर-खाली डुलली.

“सर, स्प्रिंगा धडधाकट हायत. शॉकॲब्सॉर्बर संपल्यात. दुखणं गुडघ्याचं, आणि पट्टी डोक्याला बांधलीसा.”

मग त्याने समजावले. स्प्रिंग वजन तोलते आणि धक्का झेलते, पण झेललेला धक्का ती पुन्हा परत करते. तो जिरवायचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. त्याच्या आतले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते, हालचालीची उष्णता होते आणि गाडी शांत होते. तो निकामी झाला की गाडी झटक्यासरशी तळाला टेकते आणि मग डुलत राहते. त्यातच स्प्रिंग आणखी कडक केली, तर चाक रस्ता सोडून उडते. उडालेल्या चाकाला ब्रेक काय करणार? सुधारणा म्हणून मी जे केले, त्याने गाडी जास्त धोक्याची झाली होती.

त्याने रबर काढून टाकले, मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलले आणि फाटके बुशही नवे घातले. बुशचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी करून. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळले जाऊन लवकर फाटते. पुढच्या स्प्रिंगांना घरी हात लावू नका, असेही बजावले. तिथली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. योग्य शिकंजा न लावता वरचा नट सोडला तर ती माणसाचा जीव घेईल. जाता जाता डिकी उघडून म्हणाला, “आणि हे वझं कशाला?” त्यात माझीच पान्यांची पेटी होती.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच. घरी काम जरूर करावे; पण आधी तपासावे, मग झिजलेले बदलावे आणि एवढे करूनही उणे राहिले तरच सुधारणेचा विचार करावा. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही आडवे येते. आणि अर्ध्यावर अडलो तर मिस्त्रीला हाक मारण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न कळलेले कळल्याचा आव आणून घरच्यांना त्या गाडीत बसवण्यात.

पुढच्या खेपेला मिरजेहून येताना आईने विचारले, “रस्ता नवा केला का रे?”

रस्ता तोच होता.