चिनी करारातील शेवटचे कलम आणि विकतचा न्याय

चीनबरोबरच्या व्यापाराची चर्चा आपल्याकडे दोनच अंगांनी होते. एक सीमेच्या आणि दुसरी स्वस्त मालाच्या. सीमेवर तणाव वाढला की चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा होतात, चौकात टीव्ही फोडले जातात आणि चार महिन्यांनी तीच यंत्रे, तेच सुटे भाग, तीच रसायने न्हावा-शेवा बंदरात पुन्हा उतरू लागतात. या व्यापारात वाद झालाच तर त्याचा निकाल कोण देतो, कोणत्या शहरात देतो, कोणत्या भाषेत देतो आणि तो मिळवण्यासाठी किती पैसे मोजावे लागतात, हा तिसरा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. वास्तविक पाहता सामान्य उद्योजकाचे घरदार याच तिसऱ्या प्रश्नावर उभे किंवा आडवे होते.

दोन देशांतल्या कंपन्यांचा वाद सहसा कोणत्याही देशाच्या न्यायालयात जात नाही. तो लवादाकडे जातो. लवाद म्हणजे पक्षकारांनी स्वतः नेमलेले, स्वतः मानधन दिलेले खासगी पंच. त्यांची सुनावणी बंद खोलीत होते, त्यांच्या निवाड्यावर अपील जवळजवळ नसतेच. तरीही हा निवाडा जगभर चालतो, कारण १९५८ चा न्यूयॉर्क करार. भारताने तो १९६० मध्ये स्वीकारला, चीनने १९८७ मध्ये. आज १७० हून अधिक देश या कराराने बांधलेले आहेत. आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यात मात्र एक अट आहे. भारत सरकारने राजपत्रात ज्या देशाचे नाव जाहीर केले असेल, त्याच देशातील निवाडा येथे परकीय निवाडा म्हणून अमलात आणता येतो. चीनचे नाव हाँगकाँग आणि मकावसह १९ मार्च २०१२ रोजी जाहीर झाले. तेव्हापासून बीजिंगमध्ये बसलेल्या तीन पंचांनी दिलेला निवाडा मुंबई उच्च न्यायालयामार्फत तुमच्या गाळ्यावर, बँक खात्यावर आणि यंत्रांवर हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. या अधिसूचनेची बातमी किती मराठी वृत्तपत्रांनी छापली असेल, याचा वाचकांनीच अंदाज करावा.

चीनने ही व्यवस्था कशी उभी केली, हे समजून घेणे आवश्यक आहे. बीजिंगमधील परकीय व्यापार लवाद आयोग १९५६ साली सुरू झाला. आज तो 'सीटॅक' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. सुरुवातीला परकीय कंपन्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्या चिनी कंपन्यांशी करार करताना स्टॉकहोमचे नाव लिहीत. पुढे १९८५ मध्ये हाँगकाँगचे आणि १९९१ मध्ये सिंगापूरचे आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र सुरू झाले आणि काम तिकडे वळले. चीनने यावर चिडून दारे लावून घेतली नाहीत. १९९४ मध्ये लवादाचा कायदा केला. १९९५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घातला की, परकीय निवाडा नाकारायचा असेल तर खालच्या न्यायालयाने परस्पर नाकारू नये, प्रकरण पायरीपायरीने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत कळवावे. स्थानिक न्यायालयाने गावच्या कारखान्याची बाजू घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनने लवाद कायदा नव्याने दुरुस्त केला आणि १ मार्च २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची तारीख ठरवली. 'लवादाचे स्थान' ही जगभर मान्य असलेली संकल्पना त्यात प्रथमच स्पष्टपणे आली.

हे 'स्थान' म्हणजे सुनावणीची खोली नव्हे. लवादाचे स्थान ज्या देशात, त्या देशाची न्यायालये लवादावर देखरेख ठेवतात आणि निवाडा रद्द करण्याचा अधिकारही त्यांनाच असतो. म्हणून जो स्थान ठरवतो तो अर्धा डाव जिंकतो.

आता या व्यवहारातील मोठे खेळाडू पाहू. ते म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय लॉ फर्म. चीनने १९९२ पासून त्यांना कार्यालये उघडू दिली; पण कुंपण घालून. २००१ च्या नियमांनुसार परकीय फर्मला चिनी कायद्यावर सल्ला देता येत नाही आणि सनदधारक चिनी वकिलाला वकील म्हणून नोकरीवरही ठेवता येत नाही. लवादात ती हजर राहू शकते; पण चिनी कायद्याचा मुद्दा आला की चिनी फर्मला सोबत घ्यावे लागते. परिणामी परकीय फर्मबरोबर काम करता करता चिनी फर्म शिकल्या आणि मोठ्या झाल्या. २०१५ मध्ये डेंटन्स ही जागतिक फर्म आणि चीनची दाचेंग एकत्र आल्या, तेव्हा वकिलांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी फर्म तयार झाल्याचा गाजावाजा झाला. आठ वर्षांनी, २०२३ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. विदा, सायबर सुरक्षा यांबाबतचे चीनचे नवे निर्बंध हे त्यामागचे कारण सांगितले गेले. त्याच सुमारास अनेक अमेरिकन फर्मनी बीजिंग किंवा शांघायमधील कार्यालये गुंडाळली. काम मात्र थांबले नाही. ते हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये बसून चालू राहिले.

हाँगकाँगच का? तेथे इंग्रजी पद्धतीचा कायदा आहे आणि दार चीनमध्ये उघडते. हाँगकाँगमधील निवाडे मुख्य भूमीवर बजावण्याची व्यवस्था २००० पासून आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आणखी एक महत्त्वाची सोय झाली. हाँगकाँग हे लवादाचे स्थान असेल आणि लवाद तेथील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत चालत असेल, तर निवाडा होण्यापूर्वीच मुख्य भूमीवरील न्यायालयाकडून चिनी कंपनीचे बँक खाते गोठवून घेता येते. सिंगापूर किंवा लंडन लिहिले असेल तर ही सोय नाही. निवाडा हाती येईपर्यंत समोरच्याचे खाते रिकामे झाले तर त्या कागदाचा उपयोग काय? २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर हाँगकाँगच्या स्वायत्ततेबद्दल गंभीर शंका उपस्थित झाल्या आणि त्या रास्तच आहेत. तरीही व्यापारी लवादाचे काम तेथून उठून गेले नाही, हेही खरे.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर ते ससानचे. मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यातील ३,९६० मेगावॉटचा हा औष्णिक प्रकल्प मुंबईच्या अनिल अंबानी समूहाने उभारला. त्याची यंत्रसामग्री शांघाय इलेक्ट्रिक या चिनी कंपनीने पुरवली. पैशांवरून वाद झाला. चिनी कंपनीने २००८ च्या एका हमीपत्राच्या आधारे रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरवर दावा केला. कोळसा सिंगरौलीचा, जमीन तेथील शेतकऱ्यांची आणि आदिवासींची, कंपनी मुंबईची, यंत्रे शांघायची. निवाडा मात्र डिसेंबर २०२२ मध्ये सिंगापूरच्या लवादात झाला, तोही सुमारे १४ कोटी ६० लाख अमेरिकन डॉलरचा. त्यानंतर हमीपत्रच बनावट असल्याचा मुद्दा घेऊन रिलायन्स सिंगापूरच्या न्यायालयात गेली. २०२४ मध्ये तेथील दोन्ही पातळ्यांवर तिला अपयश आले.

या प्रकरणात कोण बरोबर होते, हा आपला विषय नाही. लक्षात घेण्याची बाब वेगळीच आहे. पराभूत झालेल्या पक्षालाही परदेशात वर्षानुवर्षे लढता आले, कारण त्याच्याकडे फर्म नेमण्याची ऐपत होती. ज्यांची जमीन गेली, ज्यांना त्या प्रकल्पाच्या धुराड्याखाली राहावे लागते, त्यांना आपल्या नुकसानभरपाईसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शांघायच्या कंपनीला न्यायाची एक व्यवस्था आणि सिंगरौलीच्या विस्थापिताला दुसरी! ज्याच्याकडे पैसा, त्याला स्वतःचा पंच, स्वतःचे शहर आणि स्वतःची नियमावली निवडता येते. कायद्यापुढील समानता या शब्दांची येथे खरी कसोटी लागते.

खर्चाचा आकडाही पाहू. हाँगकाँग केंद्राच्या २०१८ च्या नियमांत, पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल तर पंचाच्या मानधनाची कमाल मर्यादा तासाला ६,५०० हाँगकाँग डॉलर होती. म्हणजे आजच्या भावाने सत्तर हजार रुपयांच्या वर. पंच तीन असतील तर हे तिप्पट. वकिलांचे शुल्क, तज्ज्ञ साक्षीदार, भाषांतर, प्रवास हे वेगळे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या २०१८ च्या सर्वेक्षणात लवादाचा सर्वांत मोठा दोष म्हणून ६७ टक्के जणांनी खर्चाकडेच बोट दाखवले होते. उत्तर देणारे बहुतेक या व्यवसायातलेच होते. ज्यांचे पोट यावर चालते त्यांचे हे मत असेल, तर बाहेरच्याने काय म्हणावे? यावर उपाय म्हणून सिंगापूरने २०१७ मध्ये आणि हाँगकाँगने २०१९ मध्ये तिसऱ्याने दाव्यात पैसे गुंतवण्यास परवानगी दिली. पण दाव्यात पैसे गुंतवणारा फंड नफा पाहतो. त्याला कोट्यवधी डॉलरचा दावा हवा असतो, साठ लाख रुपयांच्या यंत्राचा नव्हे.

आणि आपला प्रश्न नेमका त्या साठ लाखांच्या यंत्राचा आहे. समजा, भिवंडी किंवा इचलकरंजीतील एखाद्या पहिल्या पिढीच्या उद्योजकाने कर्ज काढून ग्वांगडोंगच्या कारखान्यातून यंत्र मागवले. त्याने किंमत पाहिली, पोहोचण्याची तारीख पाहिली, सही केली. करारातील शेवटच्या कलमात बारीक अक्षरात लिहिलेले असते की, सर्व वाद सीटॅककडे, स्थान बीजिंग, निवाडा अंतिम. भाषा ठरवलेली नसेल तर सीटॅकच्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे कामकाज चिनी भाषेत होते. दुसरी भाषा ठरवणे आयोगाच्या हाती. प्रमुख पंचावर एकमत झाले नाही तर त्याची नेमणूकही आयोगाचा अध्यक्ष करतो. यंत्र बिघडलेले निघाले तर हा माणूस बीजिंगला जाऊन भांडणार कसा? येथील दिवाणी न्यायालयात गेला तर लवादाचे कलम दाखवून त्याला बाहेर काढले जाईल. उलट त्याने उरलेली रक्कम रोखली आणि चिनी पुरवठादार लवादात गेला, तर गैरहजेरीतही निवाडा होईल आणि तो २०१२ च्या अधिसूचनेच्या जोरावर त्याच्या दारात येईल. १९९६ च्या कायद्याच्या कलम ४८ मध्ये बचावाची कारणे आहेत. पण ती मोजकी आहेत. यंत्र खराब होते, हे त्यातले कारण नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ ने मोफत विधी साहाय्याचे तत्त्व सांगितले. परंतु बीजिंगच्या त्या बंद खोलीत कोणतेही विधी सेवा प्राधिकरण पोहोचत नाही.

मग आपले सरकार आणि आपला वकीलवर्ग काय करतो आहे? २०१६ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र सुरू झाले, २०१९ मध्ये दिल्लीतील केंद्रासाठी संसदेने कायदा केला. तरीही भारतीय कंपन्यांची पावले सिंगापूरकडेच वळतात. २०२० मध्ये तेथील केंद्रात आलेल्या १,०८० प्रकरणांत ६९० पक्षकार भारतीय होते. जून २०२४ मध्ये तर केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, ते सर्वसाधारणपणे दहा कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरते ठेवावे, असे निर्देश दिले. लवाद महाग आहे, वेळखाऊ आहे, ही सरकारची तक्रार. वकिलांची फौज बाळगणाऱ्या सरकारला जे ओझे झेपत नाही, ते छोट्या उद्योजकाला झेपेल असे या देशात कोणी गृहीत धरले?

बार कौन्सिलमधील वाद वेगळ्याच मुद्द्यावर अडकला आहे. परकीय वकिलांना आंतरराष्ट्रीय लवादासाठी भारतात येण्यास सरसकट मनाई करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ए. के. बालाजी प्रकरणात स्पष्ट केले. बार कौन्सिलने २०२३ मध्ये नियम केले, २०२५ मध्ये ते सुधारले. परकीय फर्म आल्या तर आमचे काम जाईल, एवढीच भीती वकील संघटनांमध्ये ऐकू येते. पक्षकाराचे काय होईल, हे कोणी विचारत नाही. चीनने कुंपण घातले आणि कुंपणाच्या आत आपली माणसे शिकवून तयार केली. आपण तीस वर्षे कुंपणाच्या उंचीवर वाद घातला.

या परिस्थितीत काही गोष्टी तातडीने करता येण्यासारख्या आहेत. उद्योजकाने सही करण्यापूर्वी शेवटचे कलम आधी वाचावे. भाषा इंग्रजी आणि पंच एकच, एवढे तरी लिहून घ्यावे. समोरची कंपनी मुंबईला तयार नसेल आणि तिची मालमत्ता चीनमध्येच असेल तर हाँगकाँगचा विचार करावा. संस्थेचे नाव अचूक लिहावे. २०१२ मध्ये सीटॅकच्या शांघाय आणि शेन्झेन शाखा फुटून स्वतंत्र झाल्या, तेव्हा ज्यांच्या करारात नुसते 'सीटॅक, शांघाय' लिहिले होते त्यांना नेमके जायचे कोठे हेच कळेना. २०१५ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाला त्याचा खुलासा करावा लागला. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. काही भाग यंत्र चालू झाल्यावर देण्याचे ठरवावे. हातात राहिलेला पैसा हा लवादापेक्षा स्वस्त न्याय आहे.

जिल्हा उद्योग केंद्रांनी कर्जाच्या कागदांबरोबर अशा कराराचा मराठी नमुना देण्यास काय हरकत आहे? विधी सेवा प्राधिकरणाने सीमापार करारांसाठी सल्ला कक्ष का उघडू नये? उद्योजकांच्या संघटनांनी एकत्रित निधीतून एक वकील नेमणे तर आजही शक्य आहे. आणि आपल्या वस्त्यांतून सनद घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनीही ही शाखा परकी मानू नये. फौजदारी न्यायालयात अत्याचाराचा खटला लढणारा वकील आपल्याला हवाच आहे. परंतु शेवटच्या पानावरचे कलम वाचणारा वकीलही हवा. बड्यांच्या बाजूने ते कलम लिहिणाऱ्या हजारो वकिलांच्या फर्म जगभर कामाला लागल्या आहेत. ते वाचून दाखवणारा आपल्या उद्योजकाच्या बाजूला अजून एकही उभा नाही.