कुरडया, रडार आणि आपले प्रोजेक्ट

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला! 'क्युम्युलोनिम्बस'चं स्पेलिंग मला सातवीतच येत होतं, पण 'वळीव' म्हणजे काय ते या मे महिन्यात वाईला आजीकडे कळलं. सकाळी कडकडीत ऊन, दुपारी तीनला डोंगरामागून काळंकुट्ट आभाळ. मोबाईलवरच्या अर्ध्या तासापूर्वीच्या सॅटेलाइट चित्रात काहीच नव्हतं, म्हणून मी निवांत. आजी मात्र ओरडतेय, "अगं, वाळवण आत घे!" अर्ध्या कुरडया भिजल्याच.

असं का होतं? उन्हाने डोंगराचे उतार तापतात, हवा उताराने वर चढते, माथ्यावर दोन्हीकडची हवा भेटते आणि बाष्प असेल तर तिथेच ढग उभा राहतो. मग विजांना कितीसा वेळ लागतोय! उपग्रह ३६ हजार किलोमीटरवरून ढगाचा माथा बघतो. डॉप्लर रडारला ढगाच्या पोटातलं दिसतं, पण त्याचा किरण जवळजवळ सरळ जातो आणि पृथ्वी पडली गोल. अर्ध्या अंशावर सोडलेला किरण १०० किलोमीटरवर पोचेपर्यंत सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. त्यात मध्ये डोंगर आला की पलीकडचं खोरं अंधारात. म्हणजे वादळ जिथे जन्मतं नेमकं तिथेच आपण आंधळे!

गंमत म्हणजे यावरचा उपाय आजीच्याच तालुक्यात सापडला. पुण्याच्या आयआयटीएमने मांढरदेवला, सुमारे १३०० मीटर उंचीवर, एक्स-बँड रडार ठेवून सह्याद्रीवरच्या ढगांचा अभ्यास केला. तरंगलांबी तीनेक सेंटिमीटर, त्यामुळे अँटेना लहान, डोंगरावर नेता येते. मुसळधार पावसात सिग्नल क्षीण होतो हे खरं. म्हणूनच एकावर भागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की घाटमाथ्यावर अशा छोट्या रडारांचं जाळं हवं. खर्चाचं रडगाणं मला पटत नाही. कुरडया परत घालता येतात हो, पण गुरं घेऊन झाडाखाली थांबलेल्या माणसाचं काय?

आणि आपण काय करतोय? 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम'! (आमच्याही ग्रुपने तेच घेतलं होतं, कबूल.) क्षीण झालेला सिग्नल दुरुस्त करणं, वादळ पुढच्या अर्ध्या तासात कुठे सरकेल ते काढणं, यात ई अँड टीसी आणि कॉम्प दोघांनाही भरपूर काम आहे. आम्ही विषय बदलायचं ठरवलंय. गाईड सर अजून हो म्हणालेले नाहीत.