वतन आणि चाकरी

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपल्या आयुष्याची जी साक्ष लिहून प्रसिद्ध केली, तिच्यातील एक कबुली जन्माने ख्रिस्ती असलेल्या आम्हा मंडळींना फारशी सोयीची नाही, आणि म्हणूनच की काय, त्यांच्या पुण्यतिथीच्या व्याख्यानांतून ती सहसा वगळली जाते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपणास ख्रिस्ती धर्म लाभला आहे, तो बुद्धीला पटलेलाही आहे, परंतु ज्याच्या नावाने हा धर्म चालतो त्याची आणि आपली अद्यापि गाठ पडलेली नाही.

बरे, ही आठ वर्षे आळसात गेली म्हणावे तर तसेही नव्हते. याच अवधीत त्या अमेरिकेस गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दशेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली निघाला, बोस्टनमध्ये त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत हिंदू विधवा व मुलींसाठी शारदासदन सुरू होऊन पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. एवढा उद्योग ज्या बाईच्या पदरी जमा आहे तिने आपल्या श्रद्धेच्या खात्यावर शून्य मांडावे, याचा अर्थ इतकाच की, श्रद्धेची शिथिलता ही आळसाहून निराळी वस्तू आहे. ती कर्तबगार माणसालाही जडते, किंबहुना कर्तबगार माणसाला ती अधिक उशिरा उमगते. रमाबाईंना ती उमगण्यास निमित्त झाले विल्यम हॅस्लम नामक एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र. हा गृहस्थ कॉर्नवॉल प्रांतातील बाल्डू या गावी रीतसर दीक्षा घेतलेला, विद्वान आणि सद्वर्तनी असा पाळक होता. १८५१ साली एका रविवारी स्वतःच व्यासपीठावर उभा राहून प्रवचन करीत असता आपल्याच वाक्यांचा अर्थ त्याला प्रथमच कळला, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर इतके स्पष्ट दिसले की, श्रोत्यांतल्या एका उपदेशकाने तेथल्या तेथे उठून, पाळकसाहेबांचेच परिवर्तन झाल्याची आरोळी ठोकली. आमच्या रविवारच्या उपासनेत असा प्रसंग उद्भवल्यास त्या उपदेशकाला प्रथम खाली बसविले जाईल, याविषयी मला शंका नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती श्रद्धेचे आज वतन झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा शब्द मी जुन्या महसुली अर्थाने वापरतो. वतन म्हणजे मुळात बक्षीस नव्हे. गावाची किंवा सरकारची काही चाकरी करावी आणि तिच्या मोबदल्यात जमीन खावी, हा तो करार. पुढे इंग्रजी अमदानीत देशमुख-देशपांड्यांच्या वतनांची चाकरी माफ झाली, आणि जुडी म्हणून ठरावीक रक्कम दर साल सरकारात भरली की जमीन पिढ्यानुपिढ्या निर्वेध उपभोगावी, अशी सोय झाली. सनद तीच, शिक्का तोच, मानपानही तोच, फक्त ज्या कामासाठी हे सारे निर्माण झाले ते काम तेवढे गळाले. आमचेही तसेच. ज्यांच्या पणजोबांनी ख्रिस्ताचे नाव घेतले म्हणून घरातला वाटा सोडला, सोयरीक गमावली, कित्येक गावी पाणवठाही गमावला, त्यांची आम्ही नातवंडे-पतवंडे मिशनच्या शाळेत शिकलो, मिशनच्या दवाखान्यात जन्मलो, मिशन कंपाऊंडातल्या चिंचेखाली खेळलो, आणि रविवारची हजेरी, वार्षिक वर्गणी व नाताळचा करंज्या-डोनटचा फराळ एवढी जुडी भरून निश्चिंत झालो. २०११ च्या खानेसुमारीत या राज्यात आमची संख्या दहा लाखांहून काहीशी अधिक, म्हणजे शेकडा एकापेक्षाही कमी भरली. संख्या अल्प असल्याचे दुःख आम्ही वारंवार बोलून दाखवितो, परंतु चाकरी बंद पडल्याचे दुःख कोठे नमूद झालेले आढळत नाही.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात लावदिकीया येथील मंडळीला जो ठपका दिला आहे तो या संदर्भात सर्वांना पाठ असतो: ती थंडही नाही, ऊनही नाही, कोमट आहे. त्यावर प्रवचनकार सामान्यतः भावनेचा पारा वाढविण्याचा उपदेश करतात, आणि मग ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढतो. पण ते नगर डोळ्यांपुढे आणले तर अर्थ वेगळा दिसू लागतो. जवळच्या हायरापोलिसला उष्ण झरे होते, त्यांत स्नान करण्यास रोगी माणसे दुरून येत. कलस्सै येथे डोंगरातले थंड पाणी होते, ते पिण्यास उत्तम. लावदिकीयाला मात्र पाणी नळांवाटे दुरून आणावे लागे, आणि ते क्षारांनी इतके जड असे की, उत्खननात सापडलेल्या मातीच्या नळांत आजही चुन्याची जाड पुटे बसलेली दिसतात. म्हणजे ऊन पाणी उपयोगी, थंड पाणीही उपयोगी. कोमट तेवढे कोणाच्याच उपयोगाचे नाही. आणि हे नगर गरीब होते असेही नव्हे. इसवी सन ६० मध्ये भूकंपाने ते कोसळले तेव्हा रोमच्या बादशाही मदतीवाचून, स्वतःच्याच पैशाने ते पुन्हा उभे राहिले, अशी नोंद टॅसिटसने केली आहे. स्वावलंबनाचा तो अभिमान मंडळीत उतरला असल्यास नवल नाही. तेव्हा आरोप उत्साहाच्या अभावाचा नसून निरुपयोगीपणाचा आहे, असे मी समजतो. आणि निरुपयोगीपणावर मोठ्याने गाणे हा उपाय नव्हे.

मग उपाय कोणता, हे पाहण्यासाठी मी वाचकांना आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, आहुपे येथे नेऊ इच्छितो. ख्रिस्ती लेखकाने श्रद्धेचा दाखला भैरवनाथाच्या राईतून द्यावा हे काहींना रुचणार नाही, परंतु खुद्द येशूने विश्वासाचे उदाहरण म्हणून रोमन शताधिपतीकडे बोट दाखविले होते, तेव्हा मला फारसा संकोच वाटत नाही. घोडेगावावरून डिंभे धरणाचा फुगवटा उजवी-डावीकडे ठेवीत वळणे घेणारा रस्ता जेथे संपतो आणि सह्याद्री जेथे एकदम कोकणात तुटून पडतो, तेथे हे महादेव कोळ्यांचे गाव आहे. घोड नदीचा उगमही याच परिसरातला. भात, नाचणी, वरई पिकवावी, उन्हाळ्यात बाळहिरडा झोडून-वाळवून विकावा, आणि त्या पैशात मिठामिरचीपासून मुलांच्या वह्यांपर्यंत सारे भागवावे, असा येथला संसार. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याची झाडे उन्मळून पडली, तेव्हा नगदी पैशाची ती एकुलती वाटही कित्येकांची बंद झाली.

अशा गावात भैरवनाथाची देवराई आहे. सह्याद्रीतल्या जुन्या रायांचा दंडक असा की, आत कुऱ्हाड न्यायची नाही, एवढेच नव्हे तर आपोआप मोडून पडलेली वाळकी काटकीही चुलीसाठी उचलायची नाही. आता आषाढात या घाटमाथ्यावर जो पाऊस कोसळतो आणि जे धुके आठ-आठ दिवस घरात शिरून बसते, त्यात कोरडे सरपण म्हणजे काय चीज आहे हे चूल पेटविणारीलाच ठाऊक. वैशाखात मोळ्या रचून ठेवण्यासाठी रान तुडविणारी बाई राईच्या कडेने जाते. हाताच्या अंतरावर पडलेले खणखणीत वाळलेले लाकूड तिला दिसते. आणि ती पुढे चालू लागते, आणखी मैलभर लांबच्या रानात. तेथे पहारेकरी नाही, पावती नाही, दंडाची नोटीस नाही. तिला विचारले तर देवाचे आहे, इतकेच उत्तर मिळेल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील अशा रायांचा अभ्यास करून त्यांचे वनस्पतिशास्त्रीय मोल विद्वानांच्या निदर्शनास आणले. पण ते मोल राखले गेले ते मैलभर जादा चाललेल्या पावलांनी. त्या पावलांत भीतीचाही अंश असेल, नाही कशाला म्हणू? पण ज्या श्रद्धेपायी दररोज काही तरी खर्ची पडते तीत भीती असली तरी ढोंगाला जागा कमी उरते.

उलट प्रकारही याच सह्याद्रीत घडतो. काही ठिकाणी देवळाचा जीर्णोद्धार काढतात, पत्र्याच्या जागी सिमेंटचा सभामंडप येतो, फरशी येते, कमान येते, आणि त्या खर्चासाठी राईतलीच झाडे विकली जातात. देव मूळचा राईचा. देऊळ वाढले आणि राई आटली. आमच्या चर्चच्या नव्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी पाहतो तेव्हा मला हे जीर्णोद्धार आठवतात.

येथे सुबुद्ध वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. श्रद्धेची धार वाढवा म्हणता, पण धार वाढली की ती इतरांना लागते. आजच्या दिवसांत तर धर्मोत्साहाने भरलेल्या माणसांची टंचाई नाही, मग शिथिल माणसेच बरी नव्हेत काय? रमाबाईंच्या चरित्रातच या प्रश्नाचे सर्वांत कटू प्रकरण आहे. १८९१ नंतर त्यांच्या प्रार्थनेत जो जिवंतपणा आला त्याचा ओढा सदनातल्या मुलींना वाटू लागला, त्या प्रार्थनेच्या वेळी येऊन बसू लागल्या, ‘केसरी’ने झोड उठविली, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावर सक्ती केली नाही, पण कोणासाठी दारही लावून घेणार नाही. रानड्यांचे म्हणणे असे की, पालकांनी ज्या विश्वासाने मुली सोपविल्या तो विश्वास पाळला गेला पाहिजे. मला दोघांचेही खरे वाटते, आणि आश्रित मुलीवर आश्रयदात्रीच्या आचरणाचा जो भार पडतो तो सक्ती नसला तरी हलका नसतो, हे रानड्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

तथापि त्यानंतर काय घडले तेही पाहावे. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तरुणपणी अशाच उपासमारीत रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दगावली होती; ती आठवण त्यांना घरी बसू देईना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ. शहरात इतकी माणसे ठेवण्यास सरकारची मनाई. तेव्हा केडगावला सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेली जी सुमारे शंभर एकर जमीन होती, तेथे तंबू आणि झोपड्या ठोकून त्यांना नेले, आणि मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. धान्य, कपडे, विहिरी, आजारपण, रडारड, भांडणे, छापखाना, शेती. आणि हे सारे निस्तरून मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर, जे ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांच्या हातून सुटले नाही. आपल्या श्रद्धेचा खर्च त्यांनी प्रामुख्याने आपल्याच अंगावर घेतला. धर्मवेड्याचा खर्च नेहमी दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, आणि आम्हा सुस्तांचा पूर्वजांच्या.

हीच कसोटी लावली तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा हिशेब जरा गुंतागुंतीचा निघतो. १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेऊन बावीस वर्षे मिशनचे काम केल्यावर, १९१७ साली त्यांनी वेतनावर पाणी सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्वच ख्रिस्तभक्तांना तेथे सारखे आसन. परदेशी पैशावर आणि परदेशी शिस्तीवर पोसलेल्या ख्रिस्ती समाजाला देशी, स्वकष्टाचा पाया द्यावा ही त्यामागील कल्पना. दीड-दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, आणि दरबार संस्था म्हणून टिकला नाही. त्यांच्या त्यागाच्या गोष्टी आम्ही अभिमानाने सांगतो, पण ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दिसते की, त्या उदारपणाचा बराचसा आकार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडून वसूल झाला. त्यांनी तो हसत सोसला आणि त्याहून हसवीत लिहिला, म्हणून नवऱ्याकडची बाकी फिटली असे नव्हे. दरबाराची कल्पना मात्र मला आजही मोलाची वाटते, कारण वतन सोडून पुन्हा चाकरीवर रुजू होण्याचा मराठी ख्रिस्ती समाजातला तो सर्वांत उघड प्रयत्न होता.

आमच्या मंडळ्यांतून दर वर्षी साधारण सभा भरते, खजिनदार जमाखर्च वाचतो, आणि वादावादी होते ती बहुधा कंपाऊंडाच्या भिंतीवरून, भाडेकरूवरून किंवा मालमत्तेच्या खटल्यावरून. येत्या सभेत एखाद्या सभासदाने उभे राहून एवढेच विचारावे की, गेल्या साली या मंडळीच्या बाहेरच्या माणसावर, जो कधी ख्रिस्ती होणार नाही आणि आपले नावही घेणार नाही अशा माणसावर, आपण किती रुपये आणि किती दिवस खर्च केले, आणि ती रक्कम वकिलाच्या फीच्या शेजारी मांडून दाखवावी. खजिनदाराला आकडा काढण्यास मुदत लागेल. ती द्यावी, पण प्रश्न कार्यवृत्तात नमूद करून घेतल्याखेरीज खाली बसू नये.