हात न जोडण्याचा हक्क

राहनाळ काय किंवा भिवंडीच्या आसपासचे दुसरे कोणतेही गाव काय, देव्हारा उतरवून त्रिशरण-पंचशील स्वीकारलेल्या कुटुंबाला शेजारी एक प्रश्न हमखास विचारतो : "तुम्ही देव मानीत नाही, म्हणजे तुम्ही नास्तिकच ना?" या प्रश्नात जिज्ञासा थोडी आणि दूषण अधिक असते. तो ऐकून आपल्यातील कित्येकजण ओशाळतात. हे ओशाळणे प्रथम सोडले पाहिजे.

'नास्तिक' या शब्दाची कुळकथा पाहा. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले. ईश्वर न मानणाऱ्याला नव्हे. म्हणूनच सृष्टीचा कर्ता ईश्वर न मानणारे प्राचीन सांख्य व पूर्वमीमांसक आस्तिकांच्या पंक्तीस बसले, आणि बौद्ध व जैन मात्र पंक्तीबाहेर राहिले. तंटा देवाचा नव्हताच; तो वेदप्रामाण्याचा होता आणि चातुर्वर्ण्याला आधार त्याच प्रामाण्याचा होता. मग चातुर्वर्ण्य झुगारणाऱ्याने त्या शब्दाची लाज का बाळगावी?

बरे, मानावयाचा तो देव कोणता? वेदान्त्याचे ब्रह्म निर्गुण, तर पुराणातील देव अवतार घेणारा. ख्रिस्ती धर्मात देवाला पुत्र आहे. इस्लाम म्हणतो, अल्लाला पुत्र नाही. ही सर्व वर्णने एकाच वेळी खरी कशी असतील? "सर्वांचा देव एकच" असे गोड बोलणाऱ्याने आधी हा विरोध मिटवून दाखवावा. तेविज्जसुत्तात भगवान बुद्धांनी वासेट्ठ व भारद्वाज या ब्राह्मण तरुणांना हाच सवाल केला : ब्रह्म्याकडे जाण्याचा मार्ग सांगणाऱ्यांपैकी एकाने तरी ब्रह्मा पाहिला आहे काय? अशा लोकांना त्यांनी आंधळ्यांच्या रांगेची उपमा दिली.

कोणी म्हणेल, "देव नाही, हे विज्ञानाने तरी कोठे सिद्ध केले?" परंतु पुराव्याचा भार 'आहे' म्हणणाऱ्यावर असतो. सावकार कर्ज मागतो तेव्हा कागद त्यानेच दाखवावा लागतो. आणि पुरावा म्हणून जे पुढे केले गेले, त्याची गत काय झाली? २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ते मूर्तीच्या पोटात न जाता अंगावरून पातळ थराने ओघळताना दिसले. चमच्यातील दूध ओढले जात होते ते द्रवाच्या पृष्ठताणामुळे.

हा प्रश्न केवळ वादाचा नाही, हक्काचाही आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडविण्यात आली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग ठरविला. २०१४ साली त्याच न्यायालयाने 'माझा कोणताही धर्म नाही' असे सांगण्याचाही हक्क मान्य केला. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. तुमच्या मुलावर अशी सक्ती होत असेल, तर मुख्याध्यापकांना हे कलम नम्रपणे, परंतु लेखी कळवा.

मात्र दुसऱ्यास जाब विचारण्यापूर्वी आपले घर तपासा. देव्हारा उतरविला आणि त्याच जागी बाबासाहेबांची तसबीर लावून तिलाच नवस बोलू लागलो, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिल्या गेलेल्या बावीस प्रतिज्ञांचा अर्थ काय उरला? मूल तापाने फणफणले तर दवाखाना गाठा. अंगाऱ्याची पुडी, मग ती कोणाच्याही नावाची असो, घरात येऊ देऊ नका.

यापुढे शेजाऱ्याने विचारले, तर मान वर करून सांगा : ज्याला पुरावा नाही ते आम्ही मानीत नाही, आणि माणसाशी माणसाने कसे वागावे, हे पंचशीलाने आम्हांस शिकविले आहे. त्यासाठी देवाच्या धाकाची गरज आम्हांस नाही.