दोन दारांचा कैवार

'कूपे' हा शब्द आपल्याला मोटारवाल्यांनी शिकवला नाही, आगगाडीने शिकवला. फर्स्ट क्लासच्या डब्यात चौघांच्या खोल्या असत आणि एखाददुसरी खोली दोघांपुरती असे. तिला कूपे म्हणत, अजूनही म्हणतात. नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला रिझर्व्हेशनमध्ये कूपे मिळाला, तर निरोप द्यायला आलेली मंडळी फलाटावर एकमेकांकडे बघून खाकरत. तेव्हा कूपे म्हणजे दोघांची जागा, एवढे फ्रेंच आपल्या आजीलाही येत होते.

शब्द फ्रेंचच आहे आणि त्याचा अर्थ 'कापलेला'. चार चाकांच्या बंद घोडागाडीतली समोरासमोरची एक बैठक कापून टाकली आणि गाडी दोघांपुरती ठेवली, की ती कूपे झाली. पुढे घोडे गेले, एंजिन आले, तरी अर्थ हलला नाही: दोन दारे, बसके छप्पर, पुढे दोन माणसे, मागे फार तर एखादे पोर किंवा भाजीची पिशवी.

आणि आता? दसऱ्याला आमच्या आळीत झेंडूच्या माळा घातलेली एक नवी मोटार आली. उंच अशी, की चढताना धोतर सावरावे लागावे. दारे पाच, बैठका पाच. फक्त छप्पर मागच्या बाजूला पडवीसारखे उतरते केलेले. मालक अभिमानाने म्हणाले, "कूपे घेतली!" वाचकहो, शब्दावर दिवसाढवळ्या दरोडा पडतो तो असा, आणि वर आपण दरोडेखोराला हप्तेही भरतो.

हे पाप मुळात आपल्या देशातले नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगतो. इंग्लंडात रोव्हर कंपनीने १९६२ सालीच चार दारांच्या गाडीचे छप्पर जरा खाली दाबून तिला कूपे म्हटले होते. २००४ मध्ये मर्सिडीजने सीएलएस काढली आणि चार दारांच्या कूपेला प्रतिष्ठा आली. २००८ मध्ये बीएमडब्ल्यूने एक्स-सिक्स नावाच्या धिप्पाड गाडीचे छप्पर उतरते केले, आणि मग कोणालाच लाज उरली नाही. आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टात सिट्रोएनची बेसॉल्ट आणि टाटांची कर्व्ह अशा दोन गाड्या एकाच महिन्यात बाजारात उतरल्या, दोन्ही 'एसयूव्ही' आणि 'कूपे' हे शब्द एकमेकांना चिकटवून. म्हणजे 'उंच बुटका' किंवा 'उपाशी पोटभर' म्हणावे तसे. माझ्या वर्गातल्या मुलाने निबंधात असे लिहिले असते, तर मी लाल शाईने खूण केली असती. कंपनीने लिहिले की आपण चेक लिहितो!

कोणी म्हणेल, मास्तर, शब्दाचे काय घेऊन बसलात? गाड्या वाईट आहेत का? वाईट मुळीच नाहीत. कर्व्हच्या डिकीत पाचशे लिटरची जागा आहे; लग्नाचा बस्ता मावेल. दोन्ही गाड्यांत बसून चार माणसे कोकणात सुखाने जातील. माझे भांडण गाडीशी नाही. आठ-दहा लाखांत स्पोर्ट्स कूपे मिळते, या थापेशी आहे. तरुण मुलगा पहिल्या नोकरीच्या पगारावर पाच वर्षांचे कर्ज काढतो, ते त्या एका शब्दापायी.

हे उतरते छप्पर नेमके कोणाच्या डोक्यावर उतरते ते बघा. चालवणाऱ्याच्या नाही. ते उतरते मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर. आणि आपल्या घरात मागे कोण बसते? आई, आत्या, सासूबाई. माझ्या एका सहकाऱ्याने अशीच एक गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण तक्रार कंपनीविरुद्ध नाही. त्याची आई सत्तरीची. दार उंच, म्हणून आधी पाय उचलायचा. छप्पर खाली, म्हणून लगेच मान वाकवायची. गुडघा आणि मान यांना एकाच वेळी विरुद्ध हुकूम! तीन महिन्यांत त्या माउलीने सांगून टाकले, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." ज्या घरात मोटार आईसाठी म्हणून आली, त्याच घरात आई मोटारीमुळे घरी राहिली. आणि पुढे बसलेल्या चिरंजीवांना छप्पर उतरल्याने काय मिळाले? आरशात मागची काच खिडकीच्या फटीएवढी दिसू लागली, एवढेच.

आता 'स्पोर्ट्स'कडे वळू. मोटार वळणावर चपळ राहते ती तिचे वजन जमिनीजवळ असल्यामुळे आणि मुळात वजन कमी असल्यामुळे. कुस्तीतला पैलवान पाय फाकवून, कंबर खाली घेऊन उभा राहतो तो उगाच नाही. उंच गाडीच्या मागचे छप्पर कापल्याने एंजिन खाली येत नाही, बैठक खाली येत नाही, वजन घटत नाही. शिडीवर उभे राहून फेटा तिरपा बांधला म्हणजे कोणी पैलवान होत नसतो.

खरी परवडणारी स्पोर्ट्स कूपे कशी असते, हे बघायचे तर जपानकडे बघावे. टोयोटा आणि सुबारू या दोन कंपन्यांनी मिळून २०१२ साली एक मोटार काढली. टोयोटाने तिला '८६' म्हटले, सुबारूने 'बीआरझेड'. एंजिन दोन लिटरचे, त्याचे सिलिंडर उभे नव्हेत तर आडवे निजवलेले, म्हणून ते बॉनेटखाली खोल बसते. शक्ती दोनशे अश्वांची, वजन सव्वाबाराशे किलोंच्या आसपास, मागची चाके ढकलणारी, दोन दारे. आणि मला आवडलेली गोष्ट पुढेच आहे: या मोटारीला त्यांनी मुद्दाम अरुंद, साधे टायर दिले, टोयोटाच्याच प्रियससारख्या काटकसरी गाडीला शोभतील असे. का? तर चालवणाऱ्याला वळणाची मजा बेताच्या वेगातच कळावी, त्यासाठी ताशी दोनशेने धावावे लागू नये. केवढी ही समज! आमच्या आंबोली घाटात ताशी चाळीसने जाताना जो आनंद मिळू शकतो, त्यासाठी तिकडच्या एंजिनियराने टायर अरुंद केले. २०२१ मध्ये याच गाडीची नवी आवृत्ती आली, एंजिन २.४ लिटरचे झाले, आणि अमेरिकेत तिची सुरुवातीची किंमत अठ्ठावीस हजार डॉलरच्या आसपास राहिली.

अठ्ठावीस हजार डॉलर म्हणजे चोवीस-पंचवीस लाख रुपये. तीच बांधून तयार मोटार इथे आणायची म्हटली, तर सत्तर टक्के जकात, त्या बेरजेवर चाळीस टक्के जीएसटी, त्यावर नोंदणीचा कर. साठ लाखांच्या घरात हिशेब जातो. टोयोटाने ती इथे विकायला आणलीच नाही, यात नवल नाही.

"बघा, म्हणजे आपल्या देशात परवडणारी कूपे शक्यच नाही," असे म्हणून खोट्या कूपेचे वकील इथे टाळी मागतात. मी देत नाही. ज्या सुझुकीच्या मोटारी आपल्या गल्लोगल्ली धावतात, तिनेच १९९१ साली जपानात कॅपुचिनो नावाची दोन माणसांची, दोन दारांची मोटार काढली होती. एंजिन ६६० सीसीच्या आतले, वजन सातशे किलोंच्या आसपास. आता आपला कायदा वाचा. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोलचे एंजिन १२०० सीसीच्या आत असलेली मोटार सरकारच्या हिशेबी छोटी. २००६ च्या अंदाजपत्रकात ही रेघ ओढली गेली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या अलीकडे अठरा टक्के जीएसटी, पलीकडे चाळीस टक्के. कॅपुचिनोसारखी मोटार इथे बांधली तर ती अठरा टक्क्यांत बसेल. आणि त्या दोन 'कूपे'? दोन्ही चार मीटरहून लांब, म्हणजे चाळीस टक्क्यांत. थोडक्यात, सरकारने खऱ्या छोट्या स्पोर्ट्स मोटारीला सवलत देऊन ठेवली आहे. ती घ्यायला कारखानदार पुढे येत नाही.

कारखानदार म्हणतो, दोन दारे या देशात खपत नाहीत. त्याच्याकडे पुरावेही आहेत, ते मी लपवत नाही. १९६१ साली मद्रासेत स्टँडर्ड हेरल्ड निघू लागली ती दोन दारांची होती. कुटुंबवत्सल गिऱ्हाइकासाठी पुढे तिला चार दारे पाडावी लागली. नव्वदीच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, दोन माणसांची मोटार तयार झाली. ती रस्त्यावर पाहिलेला माणूस आज शोधून काढावा लागेल. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटीआय आणली, दोन दारांची, अवघ्या ९९ गाड्या. किंमत पंचवीस लाखांच्या वर ठेवली आणि पुढच्याच वर्षी वीस लाखांच्या आत आणावी लागली. पुण्यात १९९१ साली जन्मलेली टाटा सिएरा बाजूला दोनच दारे घेऊन आली होती. २०२५ मध्ये तिचा पुनर्जन्म झाला तो पाच दारांनिशी.

पण या पुराव्यांसमोर मी एकच साक्षीदार उभा करतो. नाशिकची थार. २०२० सालची ही महिंद्रांची गाडी बाजूला दोन दारांची आहे. तिच्या मागच्या बाकावर जायचे तर पुढची बैठक सरकवून, अंग चोरून, सर्कशीतल्यासारखे शिरावे लागते. तरी लोकांनी तिच्यासाठी महिनोन् महिने रांगा लावल्या. पाच दारांची मोठी बहीण २०२४ मध्ये आली, तरी ही विकली जातच राहिली. तिच्यापुढे उभे राहून कोणत्या वडिलांनी विचारले, की आजी कुठे बसणार? कोणीही नाही! कारण थार घेतली की गावात दबदबा होतो.

म्हणजे रुबाबासाठी दोन दारे चालतात, मौजेसाठी चालत नाहीत. उंच बसून चारचौघांकडे वरून बघायचे असेल तर घरदार कौतुक करते. पण कोणी म्हणाला, मला खाली बसून, हलकी मोटार स्वतःच्या हाताने गियर टाकत घाटातून न्यायची आहे, की तो वाया गेलेला. आपल्याकडे मोटार निवडते कोण? शेजारी! आपण फक्त सही करतो. आणि शेजाऱ्याला गाडी लांबून दिसते, त्यामुळे ती मोठी हवी. ती चालवताना कशी वाटते हे त्याला कुठून दिसणार?

रांजणगावची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या उंबऱ्यातली आहे. २०१५ मध्ये तिथल्या कारखान्यात फियाटने अबार्थ पुंटो नावाची गाडी बांधली. दारे पाच होती खरी, पण अंगात १४५ अश्व, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत जाहीर झाली ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत तेवढी ताकद दुसरीकडे नव्हती. पुण्यापासून पन्नास किलोमीटरवर ती बनत होती. मासिकांनी स्तुती केली, पोरांनी भिंतीवर चित्रे लावली, आणि त्यांच्या वडिलांनी जाऊन दुसरी गाडी घेतली. चार वर्षांत फियाटने इथला बाजार आवरता घेतला. आज "आपल्याकडे अशी मोटार कोणी करतच नाही" म्हणणाऱ्यांत त्या वडिलांचाही आवाज मोठा असतो.

असो. या पाडव्याला ज्यांना खरोखर मोटार घ्यायची आहे, त्यांच्याशी दोन शब्द. घरात आई-आत्या असतील आणि गाडी त्यांच्यासाठी असेल, तर सरळ छपराची, उघडपणे डब्यासारखी गाडी घ्या. डब्यात माणूस ताठ बसतो. दुकानात एकट्याने जाऊ नका. आईला घेऊन जा, मागे बसवा, आणि विक्रेत्याचे बोलणे संपेपर्यंत तिथेच बसू द्या. जाहिरातीतला आकडा वाचाल तेव्हा त्याखालची बारीक ओळही वाचा: बेसॉल्टचा ७ लाख ९९ हजार हा गाजलेला आकडा ८२ अश्वांच्या साध्या एंजिनाचा होता, टर्बो हवे तर आकडा निराळा. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोलच्या गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि पुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के नोंदणीकर आहे, तोही बेरजेत धरा.

आणि गाडी स्वतःच्या आनंदासाठी हवी असेल, तर उतरत्या छपराला पैसे देऊ नका. स्विफ्टसारखी नऊशे-सव्वानऊशे किलोंची, हाताने गियर टाकायची छोटी गाडी घ्या. ती दिसायला साधी आहे, पण वळणावर ती तुमच्याशी बोलते. वाचलेल्या पैशातून उत्तम टायर घाला. वेगाची खाज असेल तर कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, तिथे बंद रस्त्यावर, हेल्मेट घालून ती भागवा. घाटात समोरून एसटी येत असते.

फक्त एवढे करा, की दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा, "दोन दारांची कूपे आहे का?" तो हसेल, आणि नाही म्हणेल. मग तो तुमच्यापुढे एक छापील कागद सरकवील. त्यात शेवटी, गाडी का घेतली नाही, असा रकाना असतो. बहुतेक लोक तिथे 'किंमत' लिहितात. तुम्ही लिहा, दारे जास्त होती.