पेढीवरचे शिक्षण आणि न्यायालयातले शिक्षण

व्यापारी घरातील मुलगा व्यापार शिकतो तो पुस्तकातून नव्हे. तो पेढीवर बसतो, उधारीच्या वहीत नोंदी करतो आणि कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची मुदत द्यावी, हे त्याला हळूहळू उमजू लागते. त्याच घरातील मुलगा वा मुलगी विधी शाखेकडे वळली की मात्र पदवीबरोबर वकिली आपोआप येईल, असे अनेक कुटुंबे गृहीत धरतात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांना हे मान्य नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष उमेदवारी त्यांनी बंधनकारक केली आहे. त्याशिवाय १०० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. अभिरूप न्यायालयातील युक्तिवादाला ३० गुण, एका दिवाणी व एका फौजदारी खटल्याच्या निरीक्षणाला ३०, पक्षकाराची मुलाखत व दाव्याची पूर्वतयारी यांच्या नोंदवहीला ३० आणि तोंडी परीक्षेला १०.

या अनुभवाचे मोल धाडच्या बाजारपेठेतील एका साध्या प्रसंगावरून ध्यानात येईल. धाड बुलढाणा तालुक्यात, तर शेजारचे भोकरदन जालना जिल्ह्यात. समजा, भोकरदनच्या गिऱ्हाइकाने दिलेला धनादेश धाडच्या दुकानदाराने आपल्या गावच्या बँकेत भरला आणि तो न वटता परत आला. कलम १३८ प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु फिर्याद कोठे दाखल करावी? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धनादेश देणाऱ्याची बँक जेथे असेल तेथील न्यायालय ठरविले होते. २०१५ च्या दुरुस्तीने, रक्कम घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत असेल तेथील न्यायालयाला अधिकार दिला. म्हणजे दुकानदाराला भोकरदनचे हेलपाटे नकोत. बुलढाण्यात दाद मागता येते.

मुदतीचे गणित याहून कठोर आहे. बँकेकडून परतीची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. वकिलाच्या कार्यालयात बसलेला विद्यार्थी पक्षकाराला प्रथम रक्कम विचारीत नाही, तारीख विचारतो. टपालाची पावती व पोहोच जपून ठेवण्याची सवय त्याला तेथेच लागते.

म्हणूनच ओळखीच्या वकिलाकडून उमेदवारीचे प्रमाणपत्र घरबसल्या मिळविण्याची वहिवाट घातक आहे. नोंदवही भरते, गुणही मिळतात. पण पुढे सनद घेतल्यावर पहिल्या पक्षकाराची मुदत चुकते, तेव्हा त्या कोऱ्या आठवड्यांची किंमत तो पक्षकार मोजतो.

पालकांनी मोठ्या शहरातील नामांकित कार्यालयाचा आग्रह जरूर धरावा. परंतु सुट्टीतील काही आठवडे जिल्हा न्यायालयासाठीही राखावेत. तेथे साक्षीपुरावा ऐकता येतो, उलटतपास पाहता येतो. लोकअदालतीचे कामकाजही विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. येणे वसूल व्हावे आणि गिऱ्हाईकही तुटू नये, ही व्यापाऱ्याची खरी गरज असते. ती ओळखणारा वकील घडवायचा, तर त्याने पदवीपूर्वीच दोन्ही पक्षांना तडजोडीच्या टेबलाशी बसलेले पाहिलेले असावे.