‘वावटळ’ कशी वाचावी?

व्यंकटेश माडगूळकरांचे नाव निघाले की वाचकाला ‘बनगरवाडी’ (१९५५) आठवते. ‘वावटळ’विषयी (१९६४) मात्र सहसा कोणी बोलत नाही. कारण उघड आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर आजच्या सातारा-सांगली जिल्ह्यांच्या मुलखात अनेक गावांतून ब्राह्मणांची घरे जाळली गेली. पुण्याहून माणदेशातल्या आपल्या गावाकडे निघालेले तरुण आणि आगीत सापडलेले घर, हा या कादंबरीचा विषय.

कादंबरी लहान, पण तिचे मूल्यमापन कठीण. ज्यांची घरे जळाली त्यांना ती आपली कैफियत वाटते. इतरांना आपल्यावरील आरोप. दोघेही तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात. वस्तुतः निवाडा देणे हे कादंबरीकाराचे काम नव्हे. कालचे शेजारी आज परके कसे होतात आणि घराबरोबर गावाशी असलेले नाते कसे जळते, हे त्याने दाखवावयाचे असते. माडगूळकरांनी ते आवाज न चढविता दाखविले आहे.

त्या रोषामागे सावकारी आणि जातिभेद यांचा जुना सल होता, त्याचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तो अवश्य विचारावा. परंतु कारण समजून घेणे म्हणजे जाळपोळीचे समर्थन करणे नव्हे.

मराठीच्या शिक्षकांनी ही कादंबरी टाळू नये. जळालेल्या घरांतली आणि जमावातली नातवंडे आज एकाच बाकावर बसतात. त्यांनी ती एकत्र वाचावी, यातच तिची खरी कसोटी आहे, आणि आपलीही.